धागे मोजणारे

मी सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात सायडर आहे. चालू मशीनवर तुटलेला धागा बोटानं जोडत फिरायचं, हे माझं काम. पाळी संपली तरी बोटं धागा शोधत राहतात. त्यामुळं धाग्याबद्दल कुणी काही बोललं की माझे कान टवकारतात. हा लेख अशाच एका शब्दापासून सुरू झाला.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी आम्ही सात-आठ पोरं बसतो. मध्यंतरी एका मित्रानं मोबाईलवर अमेरिकेतल्या फिल्मा दाखवल्या. माळावर पांढऱ्या तंबूंची रांग. हरणाच्या कातड्याचे झालरीवाले सदरे घातलेले दाढीवाले गोरे बाप्ये. कुणी गारगोटीवर पोलाद घासून विस्तव पेटवतोय, कुणी ठासणीची बंदूक उडवतोय, कुणी कुऱ्हाड फेकून ओंडक्यात रुतवतोय. दोनशे वर्षांमागचं जगणं ही माणसं रजा काढून, पदरचे पैसे घालून पुन्हा जगून दाखवतात. मित्र म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतात इतिहास जिवंत ठेवणं. नायतर आपण. फोटोला हार घातला, भाषण ठोकलं, संपलं. आपणबी आपला इतिहास असाच उभा करूया की. तेच कपडे, तीच भांडी. लोक बघतच राहतील."

पोरांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

मग तिसऱ्या पाळीनंतर झोप यायची नाही तेव्हा मोबाईलवर शब्दकोश उघडून मी ह्या लोकांबद्दल वाचत गेलो. इंग्रजी मला अडखळत येतं, पण येतं. वाचता वाचता एक शब्द सापडला : थ्रेड काउंटर. धागे मोजणारा. ह्या हौशी मंडळींत जो दुसऱ्याच्या सदऱ्याचे टाके मोजतो, शिवण हाताची की मशीनची ते बघतो, बटण हाडाचं की प्लास्टिकचं ते तपासतो, त्याला चिडवायला हे नाव आहे. मला हसू आलं. धाग्यावर नजर ठेवायचे मला पैसे मिळतात, हे लोक फुकट ठेवतात. पण मग प्रश्न पडला. इतकं मोजणारी माणसं नेमकं काय मोजायचं सोडतात? माझी सगळी टीका ह्या एका प्रश्नात आहे.

१

आधी ते काय करतात ते नीट समजून घेऊ. न समजता शिव्या घालणं हे आपलं काम नव्हे.

बीव्हर नावाचा एक प्राणी आहे. नदीकाठची झाडं कुरतडून पाण्यात बांध घालतो. त्याच्या मऊ लवेपासून युरोप-अमेरिकेतल्या साहेबांच्या उंच टोप्या व्हायच्या. १८२५ साली विल्यम ॲश्ली ह्या सेंट लुईच्या व्यापाऱ्यानं रॉकी डोंगरात, ग्रीन नदीच्या खोऱ्यात, एक बाजार भरवला. वर्षभर डोंगरात सापळे लावून बीव्हर मारणाऱ्यांनी तिथं कातडी आणायची आणि व्यापाऱ्यानं बारूद, शिसं, तंबाखू, कॉफी, कापड आणायचं. पुढं दारूही आली. ह्या बाजाराला फ्रेंच शब्द पडला : रांदेव्हू. १८४० पर्यंत तो जवळजवळ दर उन्हाळ्यात भरला. मग बीव्हर मारून मारून संपत आला, रेशमी टोपीची फॅशन आली, आणि धंदा बसला. म्हणजे हा सगळा पराक्रमाचा काळ उणापुरा पंधरा वर्षांचा.

आज त्याच नावानं जत्रा भरतात. वायोमिंग राज्यातल्या पाइनडेल गावात १९३६ पासून त्या बाजाराचा देखावा उभा करतात. त्याच राज्यात फोर्ट ब्रिजरला सप्टेंबरच्या तोंडावर मोठी छावणी पडते. इंडियाना राज्यात वाबाश नदीच्या काठी 'फीस्ट ऑफ द हंटर्स मून' ही जत्रा १९६८ पासून भरते. ती अठराव्या शतकातल्या फ्रेंच व्यापाऱ्यांची. डोंगरी छावण्यांचा मुख्य नियम असा की १८४० नंतरची वस्तू दिसता कामा नये. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी आपल्या गाड्या घेऊन बाजूच्या मैदानात उतरायचं. त्या भागाला थट्टेनं 'पत्र्याचे टिपी' म्हणतात. टिपी म्हणजे मैदानी इंडियनांचा कातड्याचा तंबू. छावणीच्या प्रमुखाला 'बूशवे' म्हणतात. हा बुर्ज्वा शब्दाचाच अपभ्रंश. आपल्या मार्क्सवादी दोस्तांना हे ऐकून बरं वाटेल.

आणि पहारेकऱ्यांना बऱ्याच छावण्यांत 'डॉग सोल्जर' म्हणतात. डॉग सोल्जर ही शायेन जमातीची लढाऊ संघटना होती. ११ जुलै १८६९ रोजी समिट स्प्रिंग्जला अमेरिकन घोडदळानं त्यांचा तळ उद्ध्वस्त केला, त्यांचा पुढारी टॉल बुल मारला. तेच नाव आज प्लास्टिकची बाटली झाका म्हणून सांगत फिरणाऱ्या स्वयंसेवकाला दिलंय. हे कुणी वाईट बुद्धीनं केलं असं मी म्हणत नाही. नाव सापडलं, आवडलं, घेतलं. पण न विचारता घेणं ही सवय ह्या धंद्यात पहिल्यापासूनची आहे.

टिंगल करणं सोपं आहे, म्हणून एक गोष्ट आधीच कबूल करतो. जो माणूस अख्खा हिवाळा घालवून हातानं एक सदरा शिवतो, त्याला श्रमाची किंमत पुस्तकी पंडितापेक्षा जास्त कळते. कातडं कमावणं, सापळा दुरुस्त करणं, ओल्या लाकडावर विस्तव करणं, हे ज्ञान हातात राहतं. ते हौशी लोकांनी टिकवलं. मी कामगार आहे, हाताच्या कसबाला मी नावं ठेवणार नाही.

पण साल बघा. १९६८. त्याच साली 'अमेरिकन माउंटन मेन' ही डोंगरी शिकाऱ्यांचं जगणं जगणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. त्याच साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. आणि त्याच साली मिनियापोलिस शहरात, पोलिसांच्या दांडगाईला कंटाळलेल्या इंडियन तरुणांनी 'अमेरिकन इंडियन मूव्हमेंट' सुरू केली. जिवंत इंडियन शहरात रस्त्यावर उतरत होता, आणि शहरातला गोरा माणूस इंडियनाचं कातडं पांघरून रानात निघाला होता. ह्यात कुणाचा कट नाही. पण साहित्याची, नाटकाची समीक्षा करताना आपण विचारतो ना, की ही कलाकृती ह्याच वेळी का जन्माला आली? इथंही विचारायला पाहिजे. १९७२ साली रॉबर्ट रेडफोर्डचा 'जेरेमाया जॉन्सन' हा सिनेमा आला आणि ह्या हौसेला आणखी जोर चढला. सिनेमातला नायक समाजाला कंटाळून एकटा डोंगरात जातो. कुणाचा नोकर नाही, कुणाचा देणेकरी नाही. सगळी छावणी ह्या स्वप्नावर उभी आहे : स्वतंत्र माणूस.

२

आता हा स्वतंत्र माणूस तपासू. धाग्यापासूनच सुरुवात करतो.

छावणीत कॅलिकोचा सदरा घालतात, गळ्यात बंदाना बांधतात. कॅलिको हे नाव कालिकतवरून पडलं. बंदाना आपल्या बांधणीवरून. म्हणजे डोंगरातल्या त्या एकट्या माणसाच्या अंगावर आपल्या विणकरांनी, रंगाऱ्यांनी जन्माला घातलेल्या कापडाचं नाव होतं. १८३० पर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या विणकराचं कंबरडं मोडलं होतं, आणि त्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या हातानं वेचला जात होता. त्यामुळं धागे मोजणाऱ्यानं टाके बरोबर मोजले तरी सदरा अर्धाच मोजला. कापूस कुणी वेचला, सूत कुणी कातलं, हे टाक्यात दिसत नाही.

आजचंही बघा. ह्या हौशी लोकांच्या हातातल्या स्वस्त ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भारतात बनलेल्या असतात. धागे मोजणारे त्यांना नाकं मुरडतात : लाकूड अक्रोडाचं नाही, घडण जाड आहे. बरोबर असेल. पण त्या बंदुकीची नळी घासणारा कारागीर दिवसाला किती कमावतो, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता त्याचं स्वातंत्र्य. डोंगरातल्या शिकाऱ्यांत तीन थर होते. पहिला वर्षाच्या पगारावर कंपनीनं बांधलेला नोकर. दुसरा सापळे, घोडा उधारीवर घेणारा, आणि त्या उधारीपायी सगळी कातडी त्याच व्यापाऱ्याला घालणारा. तिसरा खरा मोकळा शिकारी. छावणीत सगळ्यांना तिसराच व्हायचं असतं. पण तो मोकळा शिकारीसुद्धा माल घ्यायला त्याच बाजारात यायचा. ॲश्लीनं बीव्हरच्या कातड्याला पौंडामागं साधारण ३ डॉलर दिले. १८२६ च्या करारात त्यानं डोंगरात आणलेली कॉफी पौंडाला सव्वा डॉलर आणि बारूद दीड डॉलर लावली होती. सेंट लुईच्या भावाच्या ती कितीतरी पट होती. घेणाऱ्याचा भाव तोच ठरवणार, विकणाऱ्याचा भावही तोच ठरवणार. वर्षाची कमाई चार दिवसांत दारूत आणि मालात फिटायची, आणि माणूस पुन्हा उधारीवर सापळे घेऊन डोंगरात. माझा आजा गिरणीत होता. पगाराच्या दिवशी दारात किराणावाला वही घेऊन उभा असायचा, आणि पगार वहीतून वहीतच जायचा. म्हणून सांगतो, त्या रांदेव्हूला मी स्वातंत्र्याचा सोहळा म्हणणार नाही. तो पगाराचा दिवस होता.

उत्तरेकडं, कॅनडाच्या बाजूला, माल होड्यांतून जायचा. होड्या वल्हवणारे व्हॉयाजर म्हणजे करारावर बांधलेले फ्रेंच कॅनेडियन गरीब. नदी संपली की माल पाठीवर. एक गठ्ठा ९० पौंडांचा, आणि एका खेपेला दोन गठ्ठे पाठीवर घ्यायची रीत. म्हणजे ८२ किलो. आमच्याकडं कापसाची गासडी १७० किलोची असते. म्हणजे जवळजवळ अर्धी गासडी कपाळाच्या पट्ट्यावर तोलून हा माणूस डोंगरवाटेनं पळायचा. मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजची वाट अशी साडेतेरा किलोमीटर आहे. कितीजण आतडं उतरून मेले, कितीजण बुडाले. आज छावणीत त्यांचा लाल पट्टा आणि गाणी आहेत. आतडं कुणी दाखवत नाही. तिकडं शहरात टोप्या बनवणारे कामगार पाऱ्याच्या वाफेनं थरथर कापायचे. डॅनबरी गावात तर त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं. आमच्या खात्यात कापसाची तूस छातीत जाते, म्हणून मला ही थरथर ओळखीची वाटली.

आणि पैसा? १८०८ साली जॉन जेकब ॲस्टर ह्यानं अमेरिकन फर कंपनी काढली. १८३४ साली त्यानं धंद्यातून अंग काढून घेतलं आणि पैसा न्यूयॉर्कच्या जमिनीत घातला. १८४८ साली मेला तेव्हा तो अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस होता. न्यूयॉर्कमध्ये ॲस्टर प्लेस नावाच्या भुयारी स्टेशनच्या भिंतीवर १९०४ पासून बीव्हरच्या पाट्या आहेत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्या शहरात शिकत होते, तेव्हाही त्या पाट्या तिथं होत्या. टोपी गेली, शिकारी गेला, बीव्हर भिंतीवर चिकटला आणि जमीन ॲस्टरच्या वारसांकडं राहिली.

३

छावणीत आणखी कोण दिसत नाही?

बाई दिसते, पण स्वैपाक करताना. प्रत्यक्षात ह्या धंद्याचा कणा इंडियन बाई होती. कातडी कमावायची ती, पायातले मोकॅसिन शिवायची ती, बर्फातल्या जोड्यांची जाळी विणायची ती, वाळलेलं मांस आणि चरबी कुटून पेमिकन करायची ती. तिच्या नात्यागोत्यावर व्यापाऱ्याला मुलखात पाऊल टाकता यायचं. १८३७ च्या बाजारात आल्फ्रेड जेकब मिलर हा चित्रकार होता. त्यानं पुढं 'शिकाऱ्याची वधू' हे चित्र काढलं. गाजलेलं चित्र आहे. पण त्याच्या टिपणात हिशेबही आहे : वधूची किंमत ६०० डॉलर, बंदुका-ब्लँकेटच्या रूपात चुकती. चित्र सगळ्यांना ठाऊक, हिशेब थोड्यांना. आणि हडसन्स बे कंपनीचा मोठा साहेब जॉर्ज सिम्प्सन ह्यानं मुलखातल्या रीतीनं केलेली मिश्र वंशाची बायको, मार्गारेट टेलर, १८३० साली बाजूला सारली आणि गोऱ्या चुलतबहिणीशी लग्न केलं. कामाला एक, मिरवायला दुसरी.

काळा माणूसही दिसत नाही. शिकागोच्या जागी पहिलं कायम ठाणं करणारा व्यापारी झां बाप्तिस्त प्वां द्यु साब्ल काळा होता. त्या शहरानं आपल्या मोठ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं २०२१ साली. लुईस-क्लार्क मोहिमेत १८०४ ते १८०६ यॉर्क हा क्लार्कचा गुलाम पॅसिफिक महासागरापर्यंत चालून गेला. परत आल्यावर त्यानं स्वातंत्र्य मागितलं. क्लार्कनं दिलं नाही, उलट मारलं. हे क्लार्कनं स्वतःच भावाला पत्रांतून कळवलंय.

सर्वांत बोलका दाखला जेम्स बेकवर्थचा. व्हर्जिनियात गुलाम बाईच्या पोटी जन्मला. बाप गोरा, आणि तोच मालक. बापानंच मुक्त केलं. १८२४ साली ॲश्लीच्या टोळीत शिरला, पुढं कित्येक वर्षं क्रो जमातीत राहिला, १८५६ साली आपली हकीकत सांगून पुस्तक छापवलं. इतिहासकारांनी त्याला थापाड्या ठरवलं. थापा त्यानं मारल्या असतील. पण जिम ब्रिजरनंही मारल्या. ब्रिजर गोरा. त्याच्या थापांना लोककथा म्हणतात, त्या छावणीत शेकोटीभोवती प्रेमानं सांगतात. तीच गोष्ट काळ्यानं सांगितली की खोटारडेपणा. समीक्षेची ही दुहेरी मापं आपल्या ओळखीची आहेत. १९५१ साली 'टॉमहॉक' सिनेमात बेकवर्थवर बेतलेलं पात्र आलं. ते जॅक ओकी ह्या गोऱ्या नटाला दिलं. कुऱ्हाड अस्सल पाहिजे, माणूस नकली चालतो.

पण मित्रांनो, बेकवर्थ आपला म्हणून त्याला लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. १८६४ साली सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो लोकांची कत्तल करायला गेलेल्या फौजेचा तो वाटाड्या होता. त्याला जबरदस्तीनं नेलं म्हणतात. नंतर चौकशीत त्यानं साक्ष दिली. तरी तो तिथं होता. दडपलेला माणूस दुसऱ्या दडपलेल्याच्या दारात कुणाला घेऊन जातो, हा प्रश्न अवघड आहे. अस्सल म्हणवणाऱ्या पुनर्निर्मितीत हा प्रश्न घेतला पाहिजे. घालायला कपडे असल्यानं तो सुटत नाही.

४

आता १८३७ च्या उन्हाळ्याकडं परत येतो. ते साल ह्या सगळ्याचं मर्म आहे.

मिलरची चित्रं हा छावणीवाल्यांचा मोठा आधार. प्रत्यक्ष बाजार बघून चित्रं काढणारा तो एकच चित्रकार. झालर किती लांब, टोपी कशी, ते त्याच्या चित्रांवरून ठरवतात. तो बाजारात होता १८३७ च्या उन्हाळ्यात. त्याच उन्हाळ्यात मिसूरी नदीवरून 'सेंट पीटर्स' ही आगबोट माल घेऊन वर गेली. बोट त्याच व्यवसायाची. ॲस्टर गेला तरी लोक तिला अमेरिकन फर कंपनीचीच म्हणत. बोटीवर देवीचा रोग होता. बोट थांबली नाही. फोर्ट क्लार्कजवळ मंडन लोकांची गावं होती. जुलैत पहिलं माणूस गेलं. त्यांचा पुढारी मातो-तोपे, म्हणजे चार अस्वलं, ३० जुलैला मेला. दोन हजारांच्या आतबाहेर असलेले मंडन काही महिन्यांत सव्वाशे-दीडशेवर आले. १८३२ सालीच इंडियनांना देवीची लस टोचायचा कायदा झाला होता. लस मंडन गावांपर्यंत गेलीच नाही.

त्या ठाण्यावर फ्रान्सिस शार्डन नावाचा कंपनीचा माणूस रोजनिशी ठेवायचा. १९३२ साली ती छापली गेली. ह्या शार्डनला एक सवय होती. महिन्याच्या शेवटी त्या महिन्यात ठाण्यात किती उंदीर मारले त्याचा आकडा तो लिहायचा. न चुकता. आणि देवीची साथ भरात आली तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की माणसं इतक्या झपाट्यानं मरतायत की मेलेल्यांचा हिशेब ठेवणं शक्य नाही.

हे वाचलं त्या रात्री मी मोबाईल बंद केला. उंदीर मोजले. माणसं मोजायची सोडली.

धागे मोजणारा आणि शार्डन ह्यांना मी एका माळेत ओवत नाही. धागे मोजणारा कुणाचा जीव घेत नाही. पण मोजणीचं वळण तेच आहे. जे आपल्या वखारीत आहे तेवढं नेमकं मोजायचं. वखारीबाहेरचं माणूस आकड्यात येत नाही. अस्सलपणा हा शब्द म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. वस्तू अस्सल झाली की बघणाऱ्याला वाटतं, खरं सगळं आलं. पण सदरा खरा असतो आणि त्या सदऱ्यातल्या माणसाचं शेजारच्याशी असलेलं नातं गायब असतं. उधारीचं नातं, मालकीचं नातं, कोण कुणाच्या जमिनीवर उभा आहे ते नातं.

जमिनीचं तर सगळ्यात महत्त्वाचं. १८०३ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसननं विल्यम हेन्री हॅरिसनला पत्र लिहिलं. मजकूर असा की इंडियनांतल्या वजनदार माणसांना सरकारी व्यापारी ठाण्यांवर कर्जात जाऊ द्यावं, कर्ज डोक्याबाहेर गेलं की ते जमीन द्यायला तयार होतील. म्हणजे तो मण्यांचा, ब्लँकेटचा दुकानदार नुसता दुकानदार नव्हता. १८५१ साली मिनेसोटात ट्रॅव्हर्स दे सू इथं डकोटा लोकांनी तहावर सह्या केल्या. त्यानंतर पिंपावर ठेवलेल्या आणखी एका कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. तो व्यापाऱ्यांच्या येण्याचा कागद होता. तहाच्या पैशातून व्यापाऱ्यांची जुनी उधारी परस्पर वळती झाली. काय लिहिलंय ते आम्हाला कळलंच नव्हतं, असं डकोटा पुढाऱ्यांनी नंतर सांगितलं. ज्यांचं येणं निघालं त्यांत हेन्री सिब्ली होता, फर कंपनीचा जुना कारभारी. तोच १८५८ साली राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. १८६२ साली सरकारी रक्कम वेळेवर आली नाही, व्यापाऱ्यांनी उधार धान्य नाकारलं, उपाशी डकोटा उठले. त्यांच्यावर फौज घेऊन गेला तोही सिब्लीच. आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. सैनिकी खटल्यांत ३०३ जणांना फाशी सुनावली होती. लिंकननं यादी तपासून ती ३८ वर आणली आणि सही केली. सहाच दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच लिंकननं गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. दोन्ही सह्या एकाच हाताच्या. आपल्याला दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

सिब्लीचं मेंडोटातलं दगडी घर आज जतन केलेलं आहे, बघता येतं. घर म्हणजे भिंती. वही कुठं आहे ते विचारायचं.

५

मग पुन्हा जगून दाखवणं चुकीचंच का? नाही.

२००५ साली डकोटा लोकांनी एक घोडेस्वारी सुरू केली. दक्षिण डकोटातल्या लोअर ब्रूलपासून मॅनकेटोपर्यंत, ऐन डिसेंबरात, बर्फातून, सुमारे ५३० किलोमीटर. २६ तारखेला सकाळी फाशीच्या जागी पोचायचं. दरवर्षी. मूळ आयोजकांनी २०२२ नंतर ती थांबवली. त्या स्वारीच्या फिल्मा बघा. अंगात जीन्स, जाड जाकीट, कानटोप्या. कुणीही टाके मोजत नाही. कपडे आजचे, थंडी आजची, दुःख अजून चालू असलेलं. मॅनकेटोत २०१२ साली स्मारक उभं राहिलं. त्यावर ३८ नावं आहेत. तिथं माणसं मोजली गेली, आणि आपल्याच माणसांनी मोजली.

आणखी एक उदाहरण. ग्रँड पोर्टेजला दर ऑगस्टमध्ये व्हॉयाजरांची छावणी पडते, तेव्हाच शेजारी ओजिब्वे लोकांचा पॉववॉव, म्हणजे त्यांचा नाचगाण्याचा मेळा, असतो. स्मारकाची जागा ओजिब्वेंनी दिलेली आहे, आणि १९९९ पासून तिच्या कारभारात त्यांचा करारानं वाटा आहे. तिथंही लाल पट्टे आहेत, टाके मोजणारे असतील. पण घरमालक घरात आहे. पाहुण्याला थोडं जपून बोलावं लागतं. एवढ्यानंही फरक पडतो.

गेल्या रविवारी मी हे सगळं वाचनालयात वाचून दाखवलं. मित्र थोडा रागावला. म्हणाला, "म्हणजे काहीच करायचं नाय का? तू सगळ्यात खोट काढतोस." मी म्हटलं, कर की. कपडेही शिव. मी सूत आणून देतो. पण कापड फाडायच्या आधी दोन गोष्टी लिहून काढू. ज्या काळाचा देखावा उभा करायचा, त्या काळात खातं कुणाच्या वहीत होतं? आणि मोजताना कोण सुटलं? आपण करू त्यातसुद्धा कोणीतरी सुटणारच. आपल्या बायका सुटतील, आपल्याहून खालचे म्हणून आपणच ज्यांना लांब ठेवलं ते सुटतील. ती नावं आधी. शिवण नंतर.

तो काही बोलला नाही. पण जाताना माझ्याकडून कोरी वही मागून घेतली.